आधी मूठ, मग पीठ

 

आज दानाविषयी बोलायचं आहे. दान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? देवळाच्या भिंतीवरची संगमरवरी फरशी. अमुक पाटलांकडून एकावन्न हजार, तमुक शेठजींकडून पंखा. त्या फरशीवर बाईचं नाव शोधून बघा. सापडलं तर बहुतेक ‘कै.’ लावलेलं असतं, तिच्या स्मरणार्थ मुलानं काहीतरी दिलेलं असतं. जिवंतपणी बाई देते ते फरशीवर येत नाही. ते पदराआडून जातं. दारी आलेल्याला भाकरी, शेजारच्या बाळंतिणीला तूप, पालखी लोणंदला, तरडगावला, फलटणला आली की वारकऱ्यांना पिठलं-भाकरी. ह्याला आपण दान म्हणतच नाही. ‘दिलं थोडंसं’ म्हणतो.

पण ह्याच थोड्याशातून आपल्या दोन जिल्ह्यांत केवढं काम उभं राहिलं, ते आधी सांगते. कर्मवीर भाऊराव पाटलांचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. जन्म कुंभोजचा, १८८७ सालचा. मूळ गाव आपल्या सांगली जिल्ह्यातलं, वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. त्यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली संस्थेचं ठाणं साताऱ्याला आलं आणि तिथं वसतिगृह सुरू झालं. सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली राहणार, एका पंगतीत जेवणार. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. २५ फेब्रुवारी १९२७ ला महात्मा गांधींच्या हस्ते ह्या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. आज रयतच्या शाखा सातशेहून अधिक आहेत. हे ऐकणाऱ्या तुमच्यातल्या कितीतरी जणींची मुलं रयतच्याच शाळेत असतील. माझीही तिथंच शिकली.

आता मला विचारायचं आहे ते असं, की त्या वसतिगृहातली पोरं खात काय होती?

गरिबाची पोरं ती. फी कुठून देणार? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. ह्या पोरांचं त्या आईच्या मायेनं करत. अंगावरचे दागिने त्यांनी एकेक करून वसतिगृहासाठी मोडले, आणि शेवटी मंगळसूत्रही दिलं. १९३० साली त्या गेल्या. ही गोष्ट आपण भाषणांतून पुष्कळ वेळा ऐकतो, ऐकून डोळ्यांत पाणी येतं आणि आपण घरी जातो. कारण मंगळसूत्र देणं आपल्याला जमणार नाही, हे आपल्याला ठाऊक असतं. जमावं असं मी म्हणतही नाही.

पण दागिन्यांवर संस्था किती दिवस चालते? एकदा मोडले की संपले. पोरांना तर रोज दोन वेळा भूक लागते. मग भाऊरावांनी जो मार्ग काढला त्याचं नाव मुष्टिफंड. आपल्या बोलीत मूठफंड. घरच्या बाईनं रोज दळायला बसताना धान्याची एक मूठ बाजूला काढून मडक्यात टाकायची. काही दिवसांनी ते मडकं रिकामं करून धान्य गोळा करायचं आणि वसतिगृहाला पोचवायचं. एवढंच.

ह्यातली अक्कल बघा. शेतकऱ्याकडे रोकड नसते, ती सुगीनंतर येते आणि आली की सावकाराकडे जाते. धान्य मात्र घरात असतं. पैशाचा व्यवहार पुरुषाच्या हातात, धान्याचं माप बाईच्या हातात. भाऊराव पैसे मागायला ओसरीवर गेले असतील, पण धान्य मागायला त्यांना जात्यापर्यंत जावं लागलं. जिच्यापाशी स्वतःचा म्हणून एक आणाही नव्हता, तिला देणारी केलं. माझ्या मते तरी मूठफंडाचं सगळ्यात मोठं काम ते.

आणि आणखी एक गोष्ट, जी आजच्या बोलण्यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मूठ केव्हा काढायची? दळायच्या आधी. म्हणजे धान्य अजून सगळ्या घराचं आहे तेव्हा. पीठ झालं, भाकरी झाल्या, ताटं वाढली, की मग घरातल्या प्रत्येकाचा वाटा ठरतो. आणि तेव्हा काही द्यायची वेळ आली, तर कुणाच्या वाट्यातून जातं ते तुम्हाला मी सांगायला नको.

आमच्या गटाचंच सांगते. आम्ही पंधरा जणी आहोत. हिशेबाची वही बरीच वर्षं माझ्याकडे आहे. मागं एकदा बैठकीत ठरलं की आपणही मूठ काढायची. हल्ली जातं कुठं आहे? पण गिरणीला दळण नेतोच ना. दळण निवडून डब्यात भरायच्या आधी रोजची एक अशा हिशेबानं मुठी काढायच्या आणि प्लॅस्टिकच्या बरणीत टाकायच्या. माझी मूठ मी दुकानातल्या काट्यावर टाकून बघितली. ज्वारीची पंचेचाळीस ग्रॅम भरली. दुकानदार हसला, पण मापून दिली. पंचेचाळीस ग्रॅम म्हणजे काय हो, अर्ध्या भाकरीचं पीठ. पण महिन्याची झाली एक किलो तीनशे पन्नास ग्रॅम. पंधरा जणींची मिळून सव्वावीस किलो. म्हाताऱ्या दोन माणसांना महिनाभर पुरेल एवढी ज्वारी. वर्षाची जवळजवळ अडीच क्विंटल.

पहिल्या महिन्यात सगळ्या बरण्या भरून आल्या. दुसऱ्या महिन्यातही आल्या. त्या महिन्यात आमच्यातली एक सून, तिचं नाव घेत नाही, बैठकीत बसल्या बसल्या डोळे मिटायला लागली. चेहरा पांढराफटक. आशाताई तिथंच होत्या, त्यांनी पापणी खाली ओढून बघितली आणि दुसऱ्या दिवशी तिला आरोग्य केंद्रात नेलं. रक्त सात ग्रॅमच्या आत. मग हळूहळू बाहेर आलं. तिच्या घरी कोठीची किल्ली सासूकडे. सासूला मूठ मान्य नव्हती. ‘आपल्याच घरी काय कमी गरज आहे का’ म्हणाल्या. सुनेला गटात मान खाली घालायची नव्हती. मग ती काय करायची? सगळे जेवल्यावर आपल्या वाटची भाकरी अर्धी खायची, आणि तेवढ्या पिठाच्या बदल्यात शेजारणीकडून ज्वारी घेऊन बरणी भरायची.

तुम्ही म्हणाल, केवढं मन. मन मोठंच. पण बायांनो, ह्याला मी दान म्हणणार नाही, आणि तुम्हीही म्हणू नका. ते घराचं दान नव्हतं. घरातल्या सगळ्यात उपाशी माणसाकडून घेतलेलं होतं. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या बायांमध्ये निम्म्याहून जास्त जणींच्या अंगात रक्त कमी आहे. सरकारच्या २०१९ ते २१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत तो आकडा ५४ टक्क्यांच्या वर आहे. अशा बाईनं आणखी कुणासाठी आपल्या ताटातलं काढायचं, आणि आपण तिची गोष्ट कौतुकानं सांगायची, हे बंद व्हायला पाहिजे.

म्हणून आमच्या गटानं ठराव केला, इतिवृत्तात लिहून ठेवला. मूठ निघेल ती कोठीतून, दळणाच्या आधी, घरातल्या सगळ्यांना सांगून. लपवून काढलेली मूठ गट घेणार नाही. ज्या घरात संमती नाही तिथल्या बाईनं मूठ दिली नाही तरी तिचं गटातलं स्थान तेच राहील, आणि कुणीही तिला त्यावरून बोलणार नाही. त्या सुनेची मूठ थांबवली. आधी ती रडली. मग लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, हिरव्या भाज्या, शेंगदाणे-गूळ. आता ती बरी आहे. तिच्या सासूबाई आजही मूठ देत नाहीत. पण पंधरा जणींत सगळ्यात चांगलं अक्षर तिचं आहे, दहावी झालेली आहे. गटातल्या म्हाताऱ्यांचे निराधार योजनेचे अर्ज ती भरते. एका अर्जाला कागद गोळा करण्यापासून तिला दोन-तीन दुपारी लागतात. माझ्या हिशेबात ते महिन्याच्या मुठीपेक्षा जास्त भरतं.

रक्तदानाचंही इथंच सांगून टाकते. जयंत्यांना, वाढदिवसांना गावोगावी शिबिरं असतात. बाया हौसेनं जातात आणि परत पाठवतात तेव्हा हिरमुसतात. नियम काय आहे? हिमोग्लोबिन साडेबारा ग्रॅम तरी पाहिजे, वजन ४५ किलो, वय अठरा पूर्ण. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईनं रक्त द्यायचं नाही. एकदा दिलं की बाईनं चार महिने आणि पुरुषानं तीन महिने थांबायचं. परत पाठवलं तर अपमान मानू नका. उलट फुकटात तपासणी झाली, आपलं रक्त किती ते कळलं. तो आकडा चिठ्ठीवर लिहून घ्या आणि आशाताईंना दाखवा. आणि घरातला धडधाकट पुरुष मागं सरत असेल तर त्याला पुढं ढकला. तेही तुमचंच दान.

आता घेणाऱ्याकडे वळू. देणं सोपं आहे, घेणं अवघड असतं, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात कळलं. गावात एक एकटी म्हातारी आहे. मुलगा मुंबईला, वर्षानुवर्षं पत्ता नाही. आम्ही पाच-सहा जणी मोठ्या उत्साहानं दहा किलो ज्वारी घेऊन तिच्या दारात गेलो. ती दारातच म्हणाली, ‘मी भिकारीण नाही.’ आणि कडी लावली. तिचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. मग आमच्यातल्या एका थोरल्या बाईनं शक्कल काढली. महिन्याच्या सगळ्या मुठी एकत्र केल्या की त्यात ज्वारी असते, बाजरी असते, खडे असतात, माती असते. ती पाखडायची, निवडायची कुणी? तिच्याकडे गेली आणि म्हणाली, ‘मावशी, तुमच्यासारखं पाखडायला आम्हाला येत नाही.’ तेव्हापासून ती दर महिन्याला आमचं धान्य निवडते, आणि आपला वाटा स्वतःच्या हातानं मापून घेते. आता तर आम्हालाच बोलते, ‘तुझ्या बरणीत खडे फार.’

गाडगेबाबा गावात आले की आधी झाडू घेत, गाव झाडत, मग भाकरी मागत. काम केल्याशिवाय खायचं नाही, हा त्यांचा बाणा. प्रत्येक घेणाऱ्याला काम लावा असं मी म्हणत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कुठलं काम लावणार? पण कुणाला काय हवंय, कसं हवंय, हे त्याला आधी विचारावं. आणि देताना फोटो काढू नये. हातात पिशवी, चार बाया ओळीनं उभ्या, मध्ये मान खाली घातलेला माणूस, असे फोटो गावच्या ग्रुपवर फिरतात. त्या माणसाची पोरगी शाळेत तोच फोटो बघते, एवढं ध्यानात ठेवा.

गटांसाठी एक चांगली सरकारी वाटही आहे. टीबीच्या, म्हणजे क्षयाच्या पेशंटला औषध फुकट मिळतं, पण पोटात सकस काही नसेल तर औषध अंगी लागत नाही. २०२२ पासून ‘नि-क्षय मित्र’ नावाची योजना आहे. कोणीही माणूस, कोणताही गट, संस्था आपलं नाव नोंदवून एका किंवा जास्त पेशंटचा खाऊचा भार उचलू शकते. धान्य, डाळ, तेल, शेंगदाणे असा शिधा दर महिन्याला, निदान सहा महिने. पेशंटची संमती घेतलेली असते, नसेल तर नाव मिळत नाही, आणि ते बरोबरच आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारा, तिथं नोंदणी करून देतात. आमच्या ज्वारीत आम्ही तूरडाळ आणि शेंगदाणे पदरचे घालतो. पेशंट कोण ते गटात फक्त दोघींना ठाऊक आहे, आणि माईकवर तर मी मुळीच सांगणार नाही.

सहा महिने म्हणजे सहा महिने, हे मात्र पक्कं करूनच हो म्हणा. दोन महिने देऊन तिसऱ्या महिन्यात सुगी आली म्हणून विसरायचं, असं चालत नाही. पोराला वसतिगृहात ठेवून निम्म्या वर्षात जेवण बंद केल्यासारखंच ते. म्हणून एकाच पेशंटपासून सुरुवात करावी.

हिशेबाचं बोलते. माझा आवडता विषय आहे, त्यामुळे कंटाळा आला तर चहा ठेवून या. मुठीचं धान्य आणि त्यातून विक्री झाली तर तो पैसा, ह्यांची वही वेगळी. बचतीच्या वहीत त्याचा आकडा येता कामा नये. बचत ही प्रत्येकीची स्वतःची आहे, त्यावर कर्जव्यवहार होतो, बँकवाले वही तपासतात. कुणी आजारी पडलं, कुणाचं घर जळालं, की भावनेच्या भरात ‘काढा गटातून पाच हजार’ असं होतं. नको. द्यायचं असेल तर मुठीच्या वहीतून द्या, किंवा प्रत्येकीनं वेगळे काढून द्या. दर महिन्याला एकीनं मापायचं, दुसरीनं लिहायचं, तिसरीनं सही करायची, आणि पुढच्या महिन्यात माणसं बदलायची. आपल्यात भरवसा नाही म्हणून हे करायचं असं नव्हे. भरवसा टिकावा म्हणून करायचं. बैठकीत वाचताना किती किलो आले आणि किती गेले एवढंच वाचायचं, कुणाकडे गेले ते वाचायचं नाही.

बाहेरच्या संस्थेला पैसे देत असाल तर पावती मागा. नोंदणी झालेल्या धर्मादाय संस्थेच्या पावतीवर नोंदणी क्रमांक छापलेला असतो. पावती मागितल्यावर जो रागावतो त्याला देऊ नका. फोनवर आजारी बाळाचा फोटो आणि खाली चौकोनी कोड आला तर घाई करू नका. बाळ खरं असेलही, कोड दुसऱ्याच कुणाचा असू शकतो. ज्या दवाखान्याचं नाव लिहिलंय तिथं ओळखीच्या कुणाकडून विचारून घ्या. आणि ‘तुमचे पैसे परत करतो, पिन टाका’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. आपल्या खात्यात पैसे येताना पिन कधीच लागत नाही, जातानाच लागतो.

पुराचं बोलल्याशिवाय सांगलीकडच्या बाया मला सोडणार नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-वारणेचं पाणी मिरज, पलूस, वाळवा, शिराळा तालुक्यांत घुसलं. परत जुलै २०२१ मध्ये आलं. त्याच पावसात पाटण तालुक्यात डोंगर खचले, आंबेघर, मिरगावसारख्या वाड्यांवर माणसं गाडली गेली. त्या दिवसांत गावागावांतून भाकरी-चटणीचे टेम्पो निघाले. ज्यांनी त्या थापल्या त्यांना माझा दंडवत. पण कपड्यांचं मात्र स्पष्ट बोलते. फाटलेल्या साड्या, उसवलेले ब्लाऊज, एका पायाची चप्पल असलं गाठोडं बांधून पाठवणं म्हणजे आपलं कपाट साफ करणं. अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेल्या बाईला तेव्हा लागतं काय? नवे परकर, आतले कपडे, पॅड, टॉवेल, चादर, टॉर्च. पाणी ओसरल्यावर लागतात खराटे, फावडी, फिनेल, आणि गाळ काढायला दोन हात. जनावरांना चारा. पोरांना वह्या. आपण स्वतः जे नेसू तेच द्यावं, आणि आधी तिथल्या गटातल्या कुणाला तरी फोन करून काय हवं ते विचारावं. पहिल्या आठवड्यात सगळेच येतात. दुसऱ्या महिन्यात, बातम्या थांबल्यावर, जी जाईल ती खरी कामाला येईल.

चाऱ्यावरून आठवलं. दुष्काळातली गोष्ट पुरापेक्षा वेगळी, तो हळूहळू येतो म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं चारा छावणी चालवली. माणसं जनावरांसकट तिथं येऊन राहिली होती. ज्यांच्या रानात ऊस आहे, त्यांना वाड्याच्या चार पेंढ्या म्हणजे काही मोठी गोष्ट नाही. माणच्या बाईला तेवढ्यावर गाय विकायची वेळ येत नाही. कृष्णाकाठ आणि माणदेश ह्यांत फार अंतर नाही हो. एकीकडे पाणी जास्त होतं तेव्हा दुसरीकडे नसतं, एवढंच.

आणि ज्यांच्याकडे धान्यही नाही, ऊसही नाही, त्यांचं काय? आपल्यात इर्जिक होती, सावड होती. कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं २०१६ साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपमध्ये राज्यात पहिला नंबर काढला तो श्रमदानावर. बायांनी, म्हाताऱ्यांनी, पोरांनी पाट्या उचलल्या. पण तुम्हाला रोज डोंगरावर जायला मी सांगत नाही. शेजारच्या आजारी माणसासोबत सिव्हिलला जाऊन केसपेपर काढून देणं, हे अर्ध्या दिवसाचं दान आहे. माहिती हेही दान. एक माहिती आत्ताच घ्या. आपल्या राज्यात ज्या मोठ्या खासगी दवाखान्यांची नोंदणी धर्मादाय म्हणून आहे, त्यांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवायच्या असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड जवळ पाहिजे. हे ठाऊक नसल्यामुळे माणसं म्हैस विकतात. तुमच्यापैकी एकीनं गावात एका घराला एवढं सांगितलं तरी एखादी म्हैस वाचेल.

शेवटची गोष्ट नेत्रदानाची. ती बोलायला अवघड आहे, पण करायला फार सोपी. माणूस गेल्यावर सहा तासांच्या आत डोळ्यांचा पारदर्शक पडदा काढून घेता आला तर दुसऱ्याला दृष्टी मिळू शकते. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, साखर असली, नव्वदी पार केलेली असली तरी चालतं. पंधरा-वीस मिनिटांचं काम. चेहरा विद्रूप होत नाही. आधी फॉर्म भरलेला नसला तरी घरच्यांची संमती पुरते. माणूस गेला की पंखा बंद करायचा, पापण्या मिटायच्या, त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी द्यायची, आणि लगेच फोन करायचा. अडचण एकच असते. घरात आकांत चाललेला असतो आणि फोन कुणी करायचा हे ठरलेलं नसतं. गावात मयत झाली की पाणी तापवायला, चूल सांभाळायला ज्या दोघी-तिघी न बोलावता जातात, त्या तुम्हीच असता. त्यातल्या एकीकडे सिव्हिलचा आणि जवळच्या नेत्रपेढीचा नंबर लिहिलेला असावा. आणि घरातल्या मोठ्या माणसांशी आजच, सगळं नीट चाललेलं असताना, एकदा बोलून ठेवा. माझ्या सासूबाईंशी मी बोलले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘डोळे ने बाई, पण चष्मा मला राहू दे.’

वेळ संपत आली, खूण करतायत. मागच्या खेपेला दोघी-तिघींनी विचारलं होतं, मुठीच्या धान्याला किडे होतात, काय करावं? ज्वारी दोन दिवस कडक उन्हात वाळवा, पूर्ण गार होऊ द्या, मग बरणीत तळाला आणि वर वाळलेला कडुलिंबाचा पाला घाला. पाला ओला नको, बुरशी धरते. आणि महिन्याच्या महिन्याला धान्य पोचतं करा, साठवून ठेवलं की किडे होणारच.